महामार्गावरचे एसओएस खांब: दुरुस्त करायचे की काढून टाकायचे?

घाटवाट (धागाकर्ता)

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या कडेला एसओएस लिहिलेले खांब आपण सगळ्यांनीच पाहिलेत. बटण दाबायचं, पलीकडून नियंत्रण कक्षातला माणूस बोलतो, त्याला अडचण सांगायची. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा यावरून बरीच वादावादी झाली. बहुतेकांचा सूर असा होता की प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना हे खांब कशाला पोसायचे, काढून टाका. मला हे अजिबात पटत नाही आणि ग्रुपवर चार ओळींत सांगणं जमेना, म्हणून इथे लिहितोय.

हे खांब सरसकट सगळीकडे असावेत असं माझं म्हणणं नाही. पण घाटात, बोगद्यांत, बोगद्यांच्या तोंडाशी आणि जिथे रेंज दगा देते त्या पट्ट्यांत ते हवेतच, आणि चालू स्थितीत हवेत.

मोबाइलवरून बोलता येतं, पण आपण नेमके कुठे आहोत हे बोलणाऱ्यालाच सांगावं लागतं. अपघात झालेला माणूस काय सांगतो? "बोगदा गेला ना, त्याच्या पुढे." आता भातण, माडप, आडोशी, खंडाळा, कामशेत यांतला कोणता बोगदा गेला, हे सोलापूरहून किंवा नगरहून आलेल्या माणसाला कसं कळावं? खांबाला स्वतःचा क्रमांक असतो. बटण दाबलं की कक्षातल्या पडद्यावर तो क्रमांक उमटतो. फोन करणाऱ्याच्या तोंडून शब्द फुटला नाही, तरी गाडी कुठे पाठवायची ते समजतं.

दुसरा घोळ क्रमांकांचा. कात्रजकडून साताऱ्याकडे निघालात की राष्ट्रीय महामार्ग, तिथे १०३३. किवळ्याहून मुंबईकडे वळलात की रस्ता रस्ते विकास महामंडळाचा, त्याची हेल्पलाइन वेगळी, दहा आकडी. रुग्णवाहिकेला १०८, सगळ्यांसाठी मिळून ११२. बोनेटमधून धूर निघत असताना यातलं काय आठवणार?

जर्मनीत १९६९ साली विनेंडेन गावात ब्योर्न स्टायगर नावाच्या आठ वर्षांच्या मुलाला गाडीने उडवलं. लोकांनी पोलिसांना, रेडक्रॉसला ताबडतोब फोन केले, पण रुग्णवाहिका यायला जवळजवळ तास गेला आणि मूल दगावलं. आईवडिलांनी त्याच वर्षी त्याच्या नावाने संस्था काढली आणि रस्त्यारस्त्यांवर आपत्कालीन फोन बसवायची मोहीम उभारली. ११० आणि ११२ हे क्रमांक तिथे देशभर लागू झाले त्यामागेही याच दांपत्याचा रेटा होता. तिथल्या महामार्गांवर नारिंगी खांब आजही उभे आहेत, आणि कडेच्या प्रत्येक खुंटीवर छोटा बाण असतो, जवळचा फोन कोणत्या बाजूला आहे ते दाखवणारा. मोबाइल त्यांच्याकडेही घरोघर आहेत.

ज्यांना हे खांब काढून टाकावेसे वाटतात त्यांनी जरूर लिहा.

हिंजवडी_फेज३

काढून टाका, असं म्हणणाऱ्यांतला मी एक. कारणं देतो.

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं: खांबापर्यंत चालत जाणं हेच जिवावरचं काम आहे. दोन खांबांत दोन किलोमीटर अंतर धरलं, तर वाईटात वाईट एक किलोमीटर चालायचं. म्हणजे दहा-पंधरा मिनिटं तुम्ही शोल्डरवरून, म्हणजे रस्त्याकडेच्या पट्टीवरून, चालताय आणि शेजारून ताशी १०० च्या वेगाने गाड्या जातायत. त्या वेगाला गाडी सेकंदाला २७-२८ मीटर कापते. डुलकी लागलेल्या चालकाचं चाक दोन सेकंद डावीकडे गेलं की संपलं. गाडी बंद पडली तर रस्त्याच्या कडेच्या बाजूने उतरा, रेलिंगच्या पलीकडे जा आणि तिथेच थांबा, हा नियम जगभर सांगतात. आणि आपण लोकांना खांब शोधत चाला म्हणणार?

दुसरं, लोकेशन फोनच पाठवतो. ११२ चं ॲप आहे. युरोपात तर ३१ मार्च २०१८ पासून बाजारात येणाऱ्या नव्या मॉडेलच्या गाड्यांना ई-कॉल सक्तीचा आहे. एअरबॅग फुटली की गाडी स्वतःच ११२ ला फोन लावते आणि जागा, दिशा कळवते. त्यात बेशुद्ध माणसाचाही विचार झालाय. आपल्याकडे सार्वजनिक प्रवासी वाहनांना एआयएस-१४० या मानकाखाली ट्रॅकर आणि पॅनिक बटण लावायला सांगितलंच आहे, तोच नियम पुढे खासगी गाड्यांना लावा.

तिसरं, पैसा. सोलर पॅनल चोरीला जातो, बॅटरी चोरीला जाते, तांब्याची केबल तर जातेच. कॅलिफोर्नियात एकेकाळी महामार्गांवर हजारो कॉल बॉक्स होते. मोबाइल आले, वापर घसरला आणि त्यांनी बरेच काढून टाकले. ते लोक काही रस्ता सुरक्षेबाबत बेफिकीर नाहीत.

जर्मनीतली घटना वाचून वाईट वाटलं. पण फोन तर तेव्हाही लगेच झाले होते, वेळ लागला तो रुग्णवाहिकेला. मग खर्च रुग्णवाहिकांवर करा.

मावळची_लेक

@हिंजवडी_फेज३, तुमचा चालण्याचा मुद्दा मला पटतो, पण ॲपवर तुमचा जेवढा विश्वास आहे तेवढा माझा नाही. कामशेत माझं माहेर, कोथरूड सासर, त्यामुळे या रस्त्यावर माझी सतत ये-जा असते, बरेचदा एकटीची.

पावसाळ्यात रात्री घाटात माझी गाडी बंद पडली. फोनवर रेंजची एक काडी, इंटरनेट नाही. म्हणजे ॲप उघडणार नाही, नकाशा उघडणार नाही. एका हेल्पलाइनला फोन लागला. पलीकडून पहिला प्रश्न, "मॅडम, कोणतं पोलीस ठाणं लागतं?" मला काय माहीत? रस्ता रायगड आणि पुणे अशा दोन जिल्ह्यांतून जातो, घाटात हद्द कुठे बदलते ते रोज जाणाऱ्यालाही सांगता येणार नाही. मग "तालुका कोणता", मग "जवळची खूण सांगा". बाहेर धुकं असं की माझ्याच गाडीचे पार्किंग लाइट मागे चार पावलांवर विरत होते. खूण म्हणून काय सांगणार? तेवढ्यात फोन कटला.

तेव्हा मला बाकी काहीही नको होतं. "तुम्ही कुठे आहात ते आम्हाला दिसतंय, गाडीत बसू नका, रेलिंगच्या पलीकडे उभ्या राहा, गाडी पाठवतोय" एवढं कुणीतरी म्हणायला हवं होतं. ते खांब म्हणू शकतो की मोबाइल, यावर माझा हट्ट नाही. पण आहे ती सोय काढून टाका आणि ई-कॉल येईल तोवर थांबा, असं कुणी म्हणत असेल तर माझा ठाम विरोध आहे. माझी गाडी नऊ वर्षं जुनी आहे. ती काही आपणहून ११२ ला फोन लावणार नाही.

निगडी_ट्रान्सपोर्ट

आमची लाइन गाड्यांची आहे, म्हणून लिहितो. ड्रायव्हर खांबाला हात लावत नाही. एअर लीक झाली, क्लच प्लेट गेली, जॉइंट तुटला, की तो पहिला फोन मालकाला करतो, मालक ओळखीच्या मिस्त्रीला किंवा क्रेनवाल्याला. पोलिसांना आपणहून बोलवायचं म्हणजे पावती फाटेल अशी भीती असते. ही खरी गोष्ट आहे, राग मानू नका.

तोवर क्लीनर काय करतो? डोंगरातून झाडाच्या फांद्या तोडून आणतो आणि गाडीच्या मागे टाकतो. त्याच्या पुढे दगड मांडतो. त्रिकोणी रिफ्लेक्टर गाडीत असला तरी तो दुसऱ्या दिवशी चोरीला जातो म्हणून कुणी काढत नाही. काम झालं की गाडी निघून जाते, दगड तिथेच राहतात, आणि रात्री त्याच दगडावर मागून येणारा जातो.

तरीपण खांबाचा एक फायदा मी सांगतो. आपल्या रस्त्यावर तामिळनाडूचा, यूपीचा, राजस्थानचा ड्रायव्हर असतो. कंट्रोल रूमला मराठी-हिंदी कळते, तामिळ कळत नाही. खुणेच्या दोन शब्दांसाठी पाच मिनिटं जातात. बटणाला भाषा लागत नाही. पण मग ड्रायव्हरला खात्री पाहिजे की बटण दाबल्यावर मदतीची गाडी येईल, दंडाचं मशीन नाही.

आणि थांबायला जागा द्या. घाटात मोठी गाडी बाजूला घ्यायला पुरेशी जागाच नसेल तर फोन करून तरी काय करणार?

तारयंत्री

दूरसंचार खात्यातून निवृत्त आहे. अशा खांबांच्या देखभालीचं काम काही काळ जवळून पाहिलं आहे, त्यामुळे यंत्राबद्दल जरा विस्ताराने लिहितो. इथे खांब चांगला की वाईट असा वाद चाललाय, पण खांबा-खांबांत फार फरक असतो.

एक प्रकार केबलचा. खांब सरळ तांब्याच्या तारेने किंवा आता ऑप्टिकल फायबरने नियंत्रण कक्षाला जोडलेला. दुसरा प्रकार सिमकार्डाचा. आत मोबाइलचंच यंत्र, वर सोलर पॅनल, खाली बॅटरी. दुसरा स्वस्त, खोदकाम नाही, म्हणून ठेकेदाराला तोच आवडतो. पण जिथे तुमच्या मोबाइलला रेंज नाही तिथे त्या खांबातल्या सिमला कुठून येणार? अँटेना उंचावर असल्याने थोडाफार फरक पडतो, तेवढाच. म्हणजे ज्या पट्ट्यासाठी घाटवाट यांना खांब हवेत, तिथे सिमकार्डाचा खांब बसवणं म्हणजे निव्वळ देखावा. घाटात खांब हवा तर फायबरचाच हवा. आता वेगमर्यादेच्या कॅमेऱ्यांसाठी त्या मार्गावर सगळीकडे जोडणी आली आहे. कॅमेरा पंधरा मीटर अंतरावर चालू आणि खांब मुका, अशी स्थिती असेल तर तिथे अडचण तंत्राची नाही.

खांब बंद का पडतात? चोरी होते, पण चोरीपेक्षा जास्त पाण्याने. लोणावळा-खंडाळ्याचा पाऊस म्हणजे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास. दाराचं रबर एक-दोन उन्हाळ्यांत कडक होतं, तडकतं, मग बाष्प आत शिरतं. दार उघडलं की जोडणीच्या पट्टीवर हिरवा थर दिसतो. स्क्रू फिरवायला गेलं की माथा तुटून हातात येतो. माइकच्या भोकांत कुंभारमाशीने माती भरलेली असते, ती दाभणाने टोकरून काढावी लागते. नवा माइक लागत नाही, फक्त कुणीतरी वर्षातून दोनदा जाऊन दार उघडायला हवं. सोलर पॅनलवर डिझेलच्या धुराचा चिकट थर बसतो, तो नुसत्या पावसाने जात नाही, फडक्याने पुसावा लागतो.

चांगल्या यंत्रणेत कक्षातला संगणक प्रत्येक खांबाला ठरावीक वेळाने हाक मारून पाहतो. उत्तर आलं नाही की लाल खूण. ही सोय जुन्या यंत्रणांतही असते. लाल खूण दिसल्यावर किती तासांत माणूस जायला पाहिजे आणि न गेल्यास किती दंड, हे ठेक्यात लिहिलेलं नसेल तर लाल खुणा वाढत जातात आणि एक दिवस तो पडदाच कुणी पाहत नाही.

हिंजवडी_फेज३ यांच्यासाठी आणि सगळ्यांसाठीच एक उपयोगाची गोष्ट. तुमच्या कंपनीची रेंज नसेल, पण दुसऱ्या कुठल्याही कंपनीचा टॉवर पोहोचत असेल, तर ११२ लागतो. ही सोय आपत्कालीन क्रमांकाला असते. १०३३ ला किंवा दहा आकडी हेल्पलाइनला ती मिळत नाही. म्हणून पडद्यावर "फक्त आपत्कालीन कॉल" दिसलं तर सरळ ११२ फिरवा. पण कोणताच टॉवर नसेल तर ११२ ही लागत नाही. ताम्हिणीत, वरंध्यात असे पट्टे आहेत.

हिंजवडी_फेज३

काका, माहितीबद्दल मनापासून आभार. ११२ ची गोष्ट मलाही नीट माहीत नव्हती, घरी सगळ्यांना सांगतो.

पण तुमच्याच लिहिण्यातून माझा मुद्दा पक्का होतो. वर्षातून दोनदा दार उघडायला माणूस जात नाही, हे आपण पाहतोय. मग तेच नव्याने बसवा म्हणण्यात काय हशील? न चालणारा खांब हा नसलेल्या खांबापेक्षा वाईट. माणूस जीव मुठीत धरून तिथवर जातो, बटण दाबतो, काही होत नाही, आणि परत तेवढंच चालत येतो. ही तर फसवणूक झाली.

त्यापेक्षा ब्रिटनमध्ये दर १०० मीटरवर अंकांच्या खुंट्या असतात तशा लावा. मोठे आकडे, चकाकणारा रंग, गाडीतून दिसतील असे. किलोमीटर आणि त्याचा दहावा भाग, "मुंबईकडे" की "पुण्याकडे" तेही त्यावरच. त्यात बॅटरी नाही, सोलर नाही, चोरण्यासारखं काही नाही. मावळची_लेक यांना त्या रात्री एवढा आकडा सांगता आला असता तरी काम झालं असतं. बोगद्यात फोन हवा, हे मी मान्य करतो. बोगद्यात पर्याय नाही. घाटात टॉवर वाढवा.

रात्रपाळी_डॉ

तळेगाव ते वाकड पट्ट्यात आपत्कालीन विभागात काम करते. दिशेचा उल्लेख झाला म्हणून लिहिते, कारण इथे तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

द्रुतगती मार्गावर मध्ये दुभाजक आहे आणि हवं तिथे वळता येत नाही. अपघात मुंबईकडे जाणाऱ्या बाजूला आणि रुग्णवाहिका पुण्याकडे येणाऱ्या बाजूला पोहोचली, तर जखमी समोर दिसत असूनही तिला पुढच्या एक्झिटपर्यंत जाऊन वळून यावं लागतं. चालक आणि डॉक्टर स्ट्रेचर घेऊन दुभाजक ओलांडतात, वाहती वाहतूक असताना. फोन करणारा बहुतेक वेळा बाजू सांगतच नाही. त्याच्या डोक्यातही येत नाही की हे सांगायचं असतं. मोबाइलचं लोकेशन दोन्ही बाजूंत फरक करेलच असं नाही, घाटात तर दोन्ही रस्ते काही ठिकाणी अगदी खेटून आहेत. खांब ज्या बाजूला आहे ती बाजू पक्की असते.

रक्तस्राव होत असलेल्या माणसाला या फेऱ्याची किंमत मोजावी लागते. सरकारने २०२५ मध्ये अपघातग्रस्तांसाठी दीड लाख रुपयांपर्यंत विनाशुल्क उपचारांची योजना आणली, त्याचं मी मनापासून स्वागत केलं. पण ते उपचार दवाखान्याच्या दारात आल्यावर सुरू होतात. दारापर्यंत पोहोचायला लागणारा वेळ कमी करायचा तर सुरुवात पहिल्या फोनपासून करावी लागेल.

आणि मदत करायला थांबणाऱ्यांनो, कृपया घाबरू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आहे. मदत करणाऱ्यावर खटला होत नाही, नाव सांगण्याची सक्ती नाही. थांबून खांबाचं बटण दाबून पुढे निघून गेलात तरी कायद्याने तुम्ही बांधील नाही. माझा कल खांबाकडे आहे तो यामुळेही. स्वतःच्या मोबाइलवरून फोन केला की नंतर पोलिसांचे फोन येतील, या भीतीने लोक करत नाहीत. खांबावरून करणाऱ्याला ती भीती नसते.

नऱ्हे_आंबेगाव

सगळं वाचलं. आम्ही नवले पुलाशेजारी राहतो. इथे प्रश्न फोनचा नाहीच. नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडल्यावर सरळ उतार, डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल, ब्रेक तापले की लागत नाहीत. अपघात झाला की पन्नास लोक एकाच वेळी फोन करतात. तुम्ही लोक खांबांवर दोन हजार शब्द लिहिताय, आमच्याकडे उतारावर ट्रक न्यूट्रलमध्ये येतायत. जो काही निधी असेल तो आधी इथे लागला पाहिजे. एवढंच सांगायचं होतं.

घाटवाट (धागाकर्ता)

@नऱ्हे_आंबेगाव, तुमची तळमळ कळते आणि उताराचं काम आधी व्हावं, यावर कुणाचं दुमत नसेल. पण तो रस्ता राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, हा महामंडळाचा. इथले खांब काढून तिथला उतार कमी होणार नाही.

@हिंजवडी_फेज३, खुंट्या हव्यातच. मी त्या "ऐवजी" घेणार नाही, "शिवाय" घेईन. धुक्यात खुंटी वाचायलाही दहा पावलं जावं लागतं आणि ती वाचल्यावर फोन लागावा लागतोच. चालण्याच्या धोक्यावर मात्र तुम्ही बोललात ते गंभीर आहे. त्यावर मला सुचतं ते असं: दोन किलोमीटरचा सरसकट हिशोब सोडा. घाटात जिथे गाडी बाजूला घ्यायला जागा आहे, तिथेच खांब ठेवा आणि तो रेलिंगच्या पलीकडच्या, सुरक्षित बाजूला ठेवा. निगडी_ट्रान्सपोर्ट म्हणतात ती थांबायची जागा आणि फोन एकाच ठिकाणी येतील. ब्रिटनमध्ये शोल्डर काढून टाकलेल्या महामार्गांवर अशीच नारिंगी रंगाची थांबण्याची जागा आणि तिथेच फोन असतो.

"देखभाल होत नाही म्हणून काढा" हे मात्र मी कधीच मान्य करणार नाही. या न्यायाने निम्मी सरकारी रुग्णालयं काढावी लागतील. आपण टोल भरतो. टोलच्या बदल्यात मिळायच्या सोयींत ही एक आहे, आणि ती चालते की नाही हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

म्हणून माहिती अधिकारात अर्ज लिहितोय. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. प्रश्न असे: किवळे ते कळंबोली दोन्ही बाजूंना मिळून खांब किती, त्यांतले आज चालू किती, केबलचे किती, सिमकार्डाचे किती, बिघाड झाल्यावर दुरुस्तीची मुदत ठेक्यात काय लिहिली आहे, मागच्या तीन वर्षांत त्याबद्दल दंड झाला का. काका, काही राहिलं का?

तारयंत्री

खांबनिहाय मागा. नुसती एकूण संख्या मागितली तर "बहुतांश चालू" असं उत्तर येतं. प्रत्येक खांबाचा क्रमांक, किलोमीटर, बाजू आणि शेवटच्या चाचणीची तारीख, असा तक्ता मागा.

हिंजवडी_फेज३

माझा एक प्रश्न घाला, नाहीतर अर्ज एकतर्फी होईल. मागच्या पाच वर्षांत या खांबांवरून वर्षाला किती कॉल आले आणि त्यांतल्या किती कॉलवर मदतीची गाडी निघाली? आकडा नगण्य असेल तर मी हेच उत्तर घेऊन खांब काढण्याच्या बाजूने इथे पुन्हा लिहीन.

रात्रपाळी_डॉ

आकडा नगण्य आला तर त्यातले बंद खांब आधी वजा करा. बंद खांबावरून कॉल येऊच शकत नाही.

घाटवाट (धागाकर्ता)

दोन्ही गोष्टी अर्जात घातल्या. कॉलची संख्याही खांबनिहायच मागितली आहे, म्हणजे चालू खांबावर किती आणि बंदावर किती ते वेगळं काढता येईल. सोमवारी अर्ज ऑनलाइन भरतो आणि अर्ज क्रमांक याच धाग्यावर टाकतो. ताम्हिणी आणि वरंध्याच्या रस्त्यांसाठी वेगळा अर्ज लागेल, तो कुणी लिहायला तयार असेल तर सांगा.

मावळची_लेक

वरंध्याचा मी लिहिते. भोरला आत्या आहे, कोणत्या वळणापासून रेंज जाते ते ती आणि तिच्याकडचे दूधवाले नेमकं सांगतील.